चार वाजून दहा मिनिटांचा अलर्ट

सव्वीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेल्या बाईला चौपन्नाव्या वर्षी पुन्हा कानाला हेडफोन लावायला मिळाला, तेव्हा घरात सगळ्यांत जास्त आनंद तिच्या नवऱ्याला झाला. "सुटलो बुवा," तो म्हणाला. "एक्स्चेंज बंद पडल्यापासून माझ्याच फोनवर ड्यूटी करत होतीस. कुठे आहात, कधी येताय, काय खाल्लंत!"

नोकरी बंदराजवळ होती. खाली दोरखंड आणि रंगाच्या डब्यांचं दुकान, वर दुसऱ्या मजल्यावर एक लांबट खोली. खोलीत चार टेबलं, चार पडदे, आणि त्या पडद्यांवर एकशे त्रेचाळीस बोटी. प्रत्येक बोट म्हणजे एक हिरवा ठिपका. बोटींवर छोटी यंत्रं बसवलेली होती. बॅटरी उतरली, तळात पाणी साचलं, बोट जागची हलली, तर ते यंत्र अलर्ट पाठवायचं, ठिपका लाल व्हायचा आणि खोलीत टिंग वाजायचं. मग मालकाला फोन करायचा, किंवा मिस्त्रीला धाडायचं. एवढंच काम. पण दिवसाला दोनशे वेळा टिंग वाजत असे, आणि त्यातले एकशे नव्वद अलर्ट बिनकामाचे. कुणी झाडूवाल्याने चार्जरची पिन काढलेली असायची, कुठे पक्ष्याने सेन्सरवर बैठक मारलेली असायची.

पहिल्याच आठवड्यात तिने टेबलावर पाण्याची बाटली भरून ठेवून सगळ्यांना 'पाणी प्या रे' म्हणायला सुरुवात केली, आणि ती सगळ्यांची आत्या झाली. एकतीस वर्षांचा साहेबसुद्धा तिला आत्याच म्हणायचा. माणूस वाईट नव्हता, फक्त सदा घाईत असायचा. जेवतानाही एक डोळा पडद्यावर.

"तुम्ही तीन महिने इथे शिका," त्याने पहिल्या दिवशी सांगितलं होतं, "मग बघू." या 'मग बघू'ची तिला रात्रंदिवस धास्ती होती. पडद्यावरचा बाण तिच्या हातून अजून भलतीकडेच पळायचा. बाकीच्या तिघांची बोटं भराभर चालायची, आणि ही चष्मा नाकावर ओढून एकेक अक्षर शोधत बसायची.

एका गुरुवारी चार वाजून दहा मिनिटांनी दवाखान्याच्या बोटीचा ठिपका लाल झाला. तळातल्या पाण्याचा अलर्ट. आत्या फोन उचलते न उचलते तोच ठिपका पुन्हा हिरवा.

ही बोट एका संस्थेची होती. दर बुधवारी सकाळी ती खाडी ओलांडून पलीकडच्या वाड्यांवर जायची. तिकडे रस्ता नाही, पूल नाही. बोटीवर औषधांची कपाटं, वजनकाटा, एक अरुंद खाट, आणि सगळा कारभार बघणारी सिस्टर. जाताना येताना दहा-बारा माणसंही असायची; बाळंतीण, म्हातारी, कुणी पाय मोडलेला. बोट चालवणारा तांडेल वीस वर्षं तीच बोट चालवत होता.

आत्याने त्याला फोन लावला.

"माझ्या बोटीत पाणी?" तांडेल हसला. "बाई, माझ्या घराचं छप्पर गळतं, पण बोट गळत नाही. त्या तुमच्या डबीलाच सर्दी झाली असेल. बघा जरा."

शुक्रवारी चार वाजून दहाला पुन्हा तेच. दोन सेकंद लाल, मग हिरवं. आत्याने साहेबाला दाखवलं.

त्याने उभ्या उभ्याच बघितलं. "पंप सुरू झाला नाही. पाण्याची उंची शून्य. बॅटरी फुल. पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लोटचा खटका सैल झालाय, आत्या. याचा आवाज सात दिवस बंद करून टाका. मिस्त्री पुढच्या आठवड्यात तिकडे जाणारच आहेत."

आवाज बंद करायचं बटण कुठे असतं तेही त्यानेच दाखवलं. आत्याने ते दाबलं. खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं. एक कटकट कमी.

सोमवारी दुपारी काम जरा थंड होतं. आत्या जुन्या अलर्टची यादी उघडायला शिकत होती आणि चुकून दवाखान्याच्या बोटीचीच यादी उघडली गेली. आवाज बंद केला तरी नोंद होतच होती. तिने चष्मा पुसून वाचलं. गुरुवार, चार दहा, दोन सेकंद. शुक्रवार, चार दहा, दोन सेकंद. शनिवार, चार अकरा, तीन सेकंद. रविवार काहीच नाही. आणि आज, आत्ता मघाशी, चार दहा, पाच सेकंद.

एक्स्चेंजमध्ये असताना तिला एक सवय लागली होती. रोज ठरलेल्या वेळी येणारा कॉल कुणाचा, हे ती आवाज ऐकायच्या आधीच ओळखायची. खटका सैल असेल, तर तो वेळ पाळेल कसा? आणि रविवारी सुट्टी कशी घेईल?

घरी गेल्यावर चहा घेताना तिने हे नवऱ्याला सांगितलं. तो एकतीस वर्षं बस चालवून निवृत्त झाला होता. जगातल्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर त्याला बसमध्ये सापडायचं, आणि त्यामुळे घरातली माणसं त्याला सहसा प्रश्न विचारत नसत.

"रविवारी काय बंद असतं?" त्याने विचारलं.

"शाळा, बँक..."

"अगं, पाण्यावरचं सांग."

आत्याने कप खाली ठेवला. "मोठी फेरी. रविवारी मोठी फेरीबोट नसते. एरवी ती चारला सुटते आणि दवाखान्याच्या धक्क्याजवळून वळते."

"मग झालं तर. तिच्या लाटेने ही बोट हलते, बोट हलली की खटका हलतो. तुझा साहेब म्हणतो ते बरोबर आहे." तो बिस्किट बुडवत म्हणाला. "आमच्या गाडीतही डिझेलचा काटा वळणावर असाच नाचायचा."

"टाकी पार रिकामी असली तरी?"

"छे! रिकाम्या टाकीत काटा मेल्यासारखा पडून राहतो. नाचायला आत काहीतरी हिंदकळायला नको का?"

बिस्किटाचा तुकडा चहात पडला, तरी त्याचं लक्ष नव्हतं.

"अहो," आत्या म्हणाली, "दोन सेकंदांचे पाच सेकंद झालेत."

"म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय," नवरा म्हणाला. आणि यात विनोद झाला हे त्याला नंतर कळलं.

मंगळवारी सकाळी ती साहेब यायच्या आधीच जाऊन बसली. तो आला, तसं तिने एका दमात सगळं सांगितलं: फेरी, लाट, रविवार, डिझेलचा काटा.

"पण आत्या, उंची शून्य आहे ना?" साहेबाने पडद्यावर बोट ठेवलं. "हे बघा. शून्य."

"उंची मोजणारी ती पट्टी अगदी तळापर्यंत जाते का?"

साहेब थांबला. त्याने कपाटातून बोटीचा कागद काढला, उलटा धरला, सुलटा केला. "तळापासून बारा सेंटिमीटर वर सुरू होते," तो हळू आवाजात म्हणाला. "त्याच्या खाली कितीही असलं तरी शून्यच दाखवणार." मग स्वतःलाच समजावल्यासारखं तो म्हणाला, "पण बारा सेंटिमीटर म्हणजे काही बोट बुडत नाही. मिस्त्री येतीलच या आठवड्यात."

"बोट उद्या सकाळी आठला निघते. माणसं घेऊन."

तेवढ्यात दोन ठिपके लाल झाले, एक फोन वाजला, आणि साहेब तिकडे वळला. आत्याने तासभर वाट पाहिली. मग तिने आयुष्यात पहिल्यांदा वरिष्ठाला न विचारता एक फोन केला. मिस्त्रीला.

मिस्त्री साठीचा, कमी बोलणारा. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "साडेतीनला धक्क्यावर या."

"मी? मी कशाला?"

"तांडेल माझं ऐकत नाही. बाईमाणसाचं ऐकेल कदाचित."

तिने साहेबाकडे अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली. कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "दवाखान्यात जायचंय." हे अगदीच खोटं नव्हतं.

दवाखान्याची बोट जवळून बघितल्यावर आत्याला पहिल्यांदा जाणवलं की ठिपक्याला रंग असतो, वास असतो. पांढरा रंग, खिडक्यांना निळ्या चौकटी, आत स्पिरिट आणि डिझेलचा मिसळलेला वास. सिस्टर उद्याच्या गोळ्या मोजून पाकिटांत भरत होती. जाड चष्मा, बारीक अंगाची, आवाज मात्र खणखणीत. तांडेल दारातच आडवा उभा होता.

"घ्या, पावलं भिजू देऊ नका हं," तो आत्याला म्हणाला. "केवढं पाणी साचलंय बघा!" खालची लाकडी जमीन लख्ख कोरडी होती. तिच्यावर बसून जेवलं असतं कुणीही.

"फळी उचलायची का?" आत्याने विचारलं.

"परवाच तर झाडली."

"झाडली, पण उचलली का?"

तांडेलचा श्वास जरासा अडकला आणि त्याचा हात नकळत गुडघ्यावर गेला. फोनवर सव्वीस वर्षं माणसं ऐकलेल्या बाईला तेवढं पुरे होतं. तिने आवाज आणखी मऊ केला. "तुमचे गुडघे दुखतात ना, भाऊ? खाली वाकवत नाही."

तांडेल तिच्याकडे बघतच राहिला. मग दारातून बाजूला झाला. "दोन महिने झाले," तो म्हणाला. "कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर बोट काढून घेतील."

सिस्टरने गोळ्या मोजायच्या थांबवल्या.

मिस्त्रीने पाठीमागच्या दोन फळ्या उचलल्या. खाली काळसर पाणी स्थिर उभं होतं. त्याने त्यात पाना बुडवून बघितला. "दहा-अकरा सेंटिमीटर." तेवढ्यात बाहेर भोंगा झाला, मोठी फेरी वळण घेत होती. लाट आली, बोट डुलली, आणि फळ्यांखालचं पाणी सरकत सरकत मागे गेलं. तिथला बुचासारखा फ्लोट वर उचलला गेला. आत्या मनात मोजत होती. सात सेकंद. मग तो खाली बसला.

"चार दहा," ती म्हणाली. आपण खरे ठरलो याचा आनंद व्हायला हवा होता, पण तिची नजर सिस्टरने उद्यासाठी भरलेल्या पाकिटांवर गेली.

मिस्त्री पोटावर झोपून आत टॉर्च फिरवत होता. इंजिन थंड करायला बाहेरचं पाणी जिथून आत घेतात, तिथे एक पितळी तोटी होती आणि तिच्यावर रबरी पाइप. पाइप आवळणारी पट्टी गंजून विटकरीसारखी झाली होती. "इथून झिरपतंय," तो म्हणाला. "आधी तोटी बंद करतो." त्याने तोटीचा दांडा धरला, जोर लावला, आणि दांडा तोटीच्या वरच्या भागासकट त्याच्या हातात आला.

मनगटाएवढी पाण्याची धार थेट वर उसळली. मिस्त्री नखशिखांत भिजला. त्याने दोन्ही तळवे भोकावर दाबले, तरी बोटांच्या फटींतून पाणी फुसांडत होतं.

"पाचर!" तो ओरडला. "लाकडाची पाचर कुठाय?"

"होती," तांडेल म्हणाला. "होती इथेच..." आणि तो कपाटं उपसायला लागला.

आत्याचा फोन वाजला. साहेब होता. त्याचा आवाज चिरकला होता. "आत्या, तुमचं बरोबर होतं! ती बोट लाल झालीय, पंप सुरू झालाय, उंची चढतेय! तिच्यात कुणी आहे का कळत नाहीये, तांडेल फोन उचलत नाही..."

"मी आहे तिच्यात," आत्या म्हणाली.

"तुम्ही दवाखान्यात गेला होतात ना?"

"तिथेच आहे, साहेब. तुम्ही आता फक्त आकडा वाचा. आम्हाला इथे काही कळत नाही, सगळीकडे पाणीच पाणी आहे. मोठ्याने वाचा."

तिने फोनचा स्पीकर लावला आणि फोन खाटेवर ठेवला. साहेबाचा आवाज बोटभर घुमायला लागला. "एकोणीस. एकवीस. चोवीस. मी गोदीवाल्यांना दुसऱ्या फोनवर धरलंय, मोठा पंप घेऊन निघतायत. पंचवीस."

तांडेलला पाचर सापडत नव्हती. सिस्टरने कोपऱ्यातला फरशी पुसायचा दांडा उचलला, गुडघ्यावर आपटून बघितला, पण तो मोडेना. "भाऊ, मोडा हा!" तांडेलने तो एका झटक्यात मोडला आणि कोयत्याने टोक तासायला बसला. सिस्टरने पट्टीबंधाचे चार गुंडाळे फोडले आणि मुरगळलेला पाय बांधावा तशी तासलेल्या टोकावर कापडाची पट्टी घट्ट, एकावर एक आवळत नेली.

"एकोणतीस," साहेब वाचत होता. "तीस. बॅटरी उतरतेय, आत्या. इंजिन सुरू करता येईल का?"

"नको!" मिस्त्री खालून ओरडला. "इंजिनाचं पाणी इथूनच येतं!"

"मग धक्क्यावरची लाइट जोडा," साहेब म्हणाला. "चार्जरची पिन काढलेली दिसतेय मला."

आत्या धावली. चौपन्न वर्षांच्या मानाने बरीच जोरात धावली. धक्क्यावरच्या खांबाला लोंबकळणारी पिन तिने सॉकेटमध्ये खुपसली आणि परत आत आली, तेव्हा गुडघाभर पाण्यात सिस्टर दांडा धरून उभी होती. "हात काढा, मामा," ती मिस्त्रीला म्हणाली. मिस्त्रीने हात काढला, धार उसळली, सिस्टरने दांडा भोकात घातला आणि तांडेलने हातोडा मारला. एक, दोन, तीन. तिसऱ्या घावाला धार थांबली. चौथा त्याने उगाच मारला.

पंपाची घरघर तेवढी चालू होती.

"तेहतीस," साहेब म्हणाला. "तेहतीस." बराच वेळ गेला. "अजून तेहतीसच आहे. थांबा... बत्तीस. आत्या, बत्तीस!"

आणि मग त्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत बाकीचे तिघं टाळ्या वाजवतायत, हे फोनमधून इथे ऐकू आलं. तांडेल मात्र खाटेवर बसून तोंड दोन्ही हातांत धरून रडत होता. आत्या त्याच्या शेजारी बसली. दोघांच्या पायांखालून गोळ्यांची रिकामी पाकिटं तरंगत चालली होती.

"उद्या खाडीच्या मध्यावर ती तोटी तुटली असती तर," तो म्हणाला. "तेरा माणसं आहेत उद्याच्या यादीत."

"उद्याचं आता उद्या बघू," आत्या म्हणाली. "आज गुडघ्यांचं सिस्टरना दाखवा. दवाखान्यात बसलाय आणि दुखणं लपवताय, काय म्हणावं तुम्हाला!"

सिस्टरने तिथेच त्याची विजार गुडघ्यापर्यंत दुमडली. "हे असं दोन महिने?" ती एवढ्या मोठ्याने ओरडली, की धक्क्यावरून जाणारे दोघं थांबून आत डोकावले.

बुधवार मात्र चुकला नाही. साहेबाने संध्याकाळी यादीतल्या एकशे त्रेचाळीस मालकांपैकी सतरा जणांना फोन केले. अठराव्या फोनवर एका मासेमारी बोटीच्या मालकिणीने "औषधांना माशाचा वास लागला तर चालेल ना?" एवढंच विचारलं आणि आठच्या आधीच बोट धक्क्याला लावली. खोकी चढवायला ऑफिसातले सगळे आले होते. साहेबाच्या पांढऱ्या शर्टावर खवले चिकटले होते, आणि घाईच्या त्या माणसाने ते संध्याकाळपर्यंत झटकले नाहीत.

त्या दिवसापासून खोलीत एक नियम झाला. कुणीतरी जाऊन डोळ्यांनी बघून आल्याशिवाय कुठल्याही अलर्टचा आवाज बंद करायचा नाही. नियमाने काम वाढलं. मिस्त्री कुरकुरला, म्हणून त्याला जोडीला आणखी एक मिस्त्री मिळाला. 'मग बघू'बद्दल साहेब काही बोलला नाही. त्याने फक्त आत्याच्या टेबलावरचा पडदा काढून जास्त मोठा लावला, अक्षरं ठसठशीत दिसणारा.

तांडेलकडून बोट कुणी काढून घेतली नाही. वाकायची कामं करायला संस्थेने एक खलाशी दिला, आणि तांडेल गुडघ्यांना पट्टे बांधून सुकाणूवर बसायला लागला. दुरुस्तीला गोदीत चढवलेली बोट तीन आठवड्यांनी पुन्हा पाण्यात उतरली. पहिल्या बुधवारी आत्याने रजा घेतली. या वेळी कारण खरंखुरं सांगून. नवराही बरोबर निघाला. पाण्याची भीती वाटते हे त्याने कबूल केलं नाही, पण पूर्ण वेळ तांडेलच्या मागे उभा राहून तो त्याला वळणं कशी घ्यावीत ते सांगत होता, आणि तांडेल "बरं, बरं" म्हणत आपल्याच पद्धतीने घेत होता.

पलीकडच्या काठावर शेडखाली माणसं आधीच रांगेत बसली होती. एका म्हाताऱ्या आजीबाईंनी आत्याला विचारलं, "तू नवी नर्स का गं?"

"नाही हो, आजी. मी तिकडे ऑफिसात असते. बोटीवर लक्ष ठेवते."

"बोटीवर? बोटीवर काय लक्ष ठेवायचं?" आजींना ते काही पटलं नाही. त्यांनी आपला औषधाचा कागद तिच्या हातात दिला. "मला दिसत नाही बघ. यात काय लिहिलंय ते वाच आधी."

आत्याने चष्मा नाकावर ओढला आणि आजींच्या शेजारी जमिनीवर बसली. तिने कागद मोठ्याने, सावकाश वाचायला घेतला. तिच्या मागे आणखी दोघं-तिघं आपापले कागद काढून सरकत पुढे आले.